विमानाला ट्रॅक्टरचं स्टिअरिंग

मी एक जुनी पाण्याची टाकी आहे, मित्रांनो. रस्त्यावरून पाहाल तर विमान वाटेन. मला दोन पंख आहेत, शेपूट आहे, बाजूला रंगवलेल्या खिडक्याही आहेत. पोटात मात्र हजार लिटर पाणी आणि थोडं शेवाळ. बारा वर्षं या गच्चीवर उभी आहे, एकदाही उडालेली नाही. आता उडावंसं वाटतही नाही. खरं सांगायचं तर मी जन्माने विमान नव्हेच. मी ट्रॅक्टर होते.

आमचं गाव चक्क बेलियां, जालंधरपासून तासाभरावर. इकडे घरटी एक माणूस परदेशी असतो, आणि पैसा आला की लोक गच्चीवर हौसेची टाकी घडवून घेतात. कोणाचा घोडा, कोणाचा फुटबॉल. सरदार अजमेर सिंहांच्या गच्चीवर पंख पसरलेला बाज पक्षी आहे. ते जाट, गावच्या निम्म्या जमिनीचे धनी. माझं घर गावाच्या टोकाला, वेहड्यात. ज्यांचे बापजादे मेलेली जनावरं ओढत, त्यांची ही वस्ती. गावात गुरुद्वारे तीन आहेत, एक जाटांचा, एक सुतारांचा, एक आमचा. देव एकच आहे असं तिन्ही ठिकाणी रोज सांगतात.

माझे धनी महंगा राम. गाव त्यांना अरे-तुरे करतं, मी करत नाही. सव्वीस वर्षं त्यांनी अजमेर सिंहांचा ट्रॅक्टर चालवला. "नाव महंगा, पण आम्हाला स्वस्तात पडला," हा अजमेर सिंहांचा आवडता विनोद होता, आणि महंगा रामांनी त्यावर सव्वीस वर्षं हसून दाखवलं. त्या ट्रॅक्टरचा क्लच कधी अडतो, थंडीत त्याला कसं गोंजारावं लागतं, हे त्यांच्या एका पायाला ठाऊक होतं. सरदारांचा मुलगा नवराज त्यावर बसला तो फक्त लग्नाच्या व्हिडिओपुरता. मोठमोठ्या स्पीकरवर गाणं लागलेलं, गाण्यात जाटाचा पोरगा, त्याची बंदूक आणि त्याचा ट्रॅक्टर. महंगा राम चाक पुसत होते. नवराज म्हणाला, "महंग्या, जरा बाजूला हो. फोटोत येतोयस."

ते बाजूला झाले. पुढे त्यांचा मुलगा रेशम इटलीला गेला, गाईंच्या गोठ्यात कामाला लागला, आणि त्याने बापाला पहिला निरोप पाठवला, "ती चाकरी सोडा." दुसरा निरोप पक्क्या घराचा होता. माझी वेळ आली तेव्हा रेशम फोनवर म्हणाला, "बापू, विमान करा. सगळे विमानच करतात."

"विमानात तू बसलास," महंगा राम म्हणाले. "मी ट्रॅक्टरवर बसलो. माझ्या गच्चीवर ट्रॅक्टर होईल."

मिस्त्री चन्नण सिंहाने मला घडवलं. जातीचा सुतार, ना जाटांत ना आमच्यात, त्यामुळे दोन्हीकडचा चहा पिऊन दोन्हीकडची नालस्ती ऐकणारा माणूस. रोज सिमेंट कालवताना महंगा राम त्याच्या डोक्यावर उभे. सीट एवढी हवी, स्टिअरिंग एवढं तिरकं हवं. मी पुरी झाले त्या संध्याकाळी ते माझ्या सीटवर चढून बसले, स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि खाली घरवालीला म्हणाले, "बचनो, काढ गं फोटो!" मित्रांनो, माझं सगळं कौतुक झालं ते त्याच एका संध्याकाळी.

तीन आठवड्यांत कुरबुर सुरू झाली. वेहड्याच्या गच्चीवर ट्रॅक्टर? तो तर जाटाची शान! आज टाकी केली, उद्या जमीन मागतील. अजमेर सिंह स्वतः आले नाहीत. वेहड्यात त्यांनी कधी पाऊलच टाकलं नव्हतं. बचनो जाटांच्या शेताच्या बांधावर म्हशीसाठी गवत कापायला गेली तेव्हा नवराजने तिचा विळा काढून घेतला. म्हणाला, "चाची, चारा तुमच्या ट्रॅक्टरवरून आणा की." मग एकटी बचनोच नाही, वेहड्यातल्या सगळ्याच बायकांना बांध बंद झाले.

आमच्या पोरांनी काय केलं? त्यांनीही स्पीकर आणले. तिकडून जाटांची गाणी, इकडून आमच्या जातीची, मध्ये मी. गाण्यांत दोन्हीकडे मिशा, दोन्हीकडे बंदुका. माझ्या पोटातलं पाणी दिवसभर थरथरत असे. पोरं म्हणत, "आता माघार नाही!" त्यांच्याही घरी म्हशी होत्या, पण गवत त्यांच्या आया आणत असत.

"तोडू देऊ नका बापू," रेशम फोनवर म्हणाला. "मी आहे ना!"

बचनोने फोन हिसकावला. "तू आहेस, पण तिकडे आहेस. म्हैस फोनवर चरत नाही, बाळा."

चाळीस म्हशी आटल्या. शेजारची विधवा दूध विकून जगायची. ती रिकामी कासंडी आमच्या दारात ठेवून गेली. दुसऱ्या दिवशी महंगा रामांनी मला तोडायला मिस्त्रीला बोलावलं.

चन्नण सिंह छिन्नी घेऊन आला आणि आधी माझ्याभोवती दोन फेऱ्या मारून आला. शेवटी म्हणाला, "मोठी चाकं उडवतो, पंख लावतो. सीट आणि स्टिअरिंग जातं शेपटीआड. खालून कोणाला दिसतंय? छिन्नीलाही कंटाळा आलाय आणि मलाही."

अशी मी विमान झाले. बांध उघडले. गाव म्हणालं, "बघा, मिटलं ना!" मिटलं होतं हे खरं. माझी चाकं वेहड्याच्या खड्ड्यात भर म्हणून पडली होती, आणि महंगा राम रोज दिवस कलता वर येऊन शेपटीआडच्या सीटवर बसत होते.

वर्षं गेली. नवराज कॅनडाला गेला, त्याच्या मागून त्याचा धाकटा भाऊ. अजमेर सिंहांची जमीन खंडाने गेली, ट्रॅक्टर छपराखाली धूळ खात राहिला. बाजाच्या डोक्यात कबुतरांनी घर केलं. आमच्याकडेही पाणी वापरणारी दोनच माणसं उरली. स्पीकर मात्र थकले नाहीत. कोणाची ना कोणाची पोरं ते वाजवतच असतात.

गेल्या फाल्गुनात एका सकाळी जिन्यावर काठी वाजली. अजमेर सिंह आले होते. ऐंशीचं वय, धाप लागलेली. ट्रॅक्टर विकायला काढला होता, खरेदीदार येऊन बसला होता, आणि ट्रॅक्टर सुरू होत नव्हता.

"महंग्या, चल जरा. तुझ्याशिवाय तो कोणाचं ऐकत नाही," ते म्हणाले, आणि बोलता बोलता शेपटीच्या मागे आले. तिथे त्यांना सीट दिसली. स्टिअरिंग दिसलं. "हे... हे राहिलंच होतं की!"

"खालून दिसलं नसतं, सरदारजी. वर यावं लागतं," महंगा राम म्हणाले.

बचनोने स्टीलच्या पेल्यात पाणी आणलं. माझंच पाणी. अजमेर सिंहांनी पेला हातात धरून ठेवला.

"गिऱ्हाइकाला काय सांगितलंत?" महंगा रामांनी विचारलं.

"सांगायचं काय? एकहाती आहे म्हटलं. पहिल्यापासून एकाच हाताने चाललेला."

"कोणाच्या हाताने?"

अजमेर सिंहांनी स्टिअरिंगकडे पाठ केली.

"येतो मी. पण त्या माणसासमोर एकदा म्हणा, हा ट्रॅक्टर महंगा रामाने चालवला. एवढंच. पुढे काही नको."

"एवढ्याशा गोष्टीसाठी अडून बसतोस?"

"एवढीशीच आहे, तर म्हणा की."

मला वाटलं, म्हणतील. खरंच वाटलं. ते ओठांपर्यंत पेला घेऊन गेले, एक घोट प्यायले, बाकीचं पाणी तसंच ठेवून जिना उतरले. मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. एक एक पायरी चाचपत ते उतरत होते, आणि त्यांचा हात धरायला घरचं कोणी उरलेलं नव्हतं.

तासाभराने ट्रॅक्टर आमच्या रस्त्याने गेला. भंगारवाल्याच्या गाडीला दोराने बांधलेला, मुका. गिऱ्हाईक निघून गेलं, सुरू होऊ शकणारा ट्रॅक्टर भंगारात गेला, मित्रांनो, पण ते एक वाक्य सरदारांच्या तोंडून निघालं नाही. महंगा राम माझ्या सीटवर बसून बघत होते. पिंपळापाशी रस्ता वळतो. ट्रॅक्टर तिथे पोहोचला तसे त्यांनी माझं स्टिअरिंग घट्ट धरलं. सिमेंटचं ते, कुठलं फिरणार! पण त्यांचे खांदे वळले. ट्रॅक्टर वळणाआड जाईपर्यंत वळलेलेच राहिले.

आता येत्या दिवाळीला रेशम येतोय. मला पाडून काळी प्लास्टिकची टाकी बसवायची म्हणतो. त्याचंही चूक नाही. मी गळते, माझं पाणी वास मारतं. तुमच्यापैकी कोणी त्याला भेटलं तर माझा निरोप द्या. म्हणावं, पंख पाड, शेपूट पाड, मी हूं की चूं करणार नाही. फक्त सीट आणि स्टिअरिंग राहू दे. आणि स्टिअरिंगचा रंग दोन जागी उडालाय, तिथे नवा लावू नकोस. तो उन्हाने गेलेला नाही. तुझ्या बापाच्या हातांनी गेलाय.