हेव्याची सरासरी

कोरियन माणसाला हेवा वाटत नाही, हे अखेर सिद्ध झालं. अमेरिकेतल्या एका वजनदार नियतकालिकात एकोणीस पानांचा लेख आला, तक्त्यांसकट. लेखक बांग तेसोक. हा तेसोक कॉलेजात माझ्या दोन वर्षं मागे होता आणि संख्याशास्त्रात माझ्या वह्यांवर पास झाला. लेख वाचला त्या दुपारी कॅन्टीनमध्ये माझ्या घशाखाली किमचीसुद्धा उतरेना.

लेखाचं म्हणणं असं, की आमच्याकडे 'मी' आणि 'दुसरा' यांतली रेषा पुसट असते. त्यामुळे शेजाऱ्याचं यश आम्हाला आपलंच वाटतं. पुरावा म्हणून चुनचन शहरातल्या एकशे चाळीस विद्यार्थ्यांनी भरलेली बारा प्रश्नांची प्रश्नावली. 'एक' म्हणजे अजिबात नाही, 'पाच' म्हणजे नेहमी. अमेरिकेची सरासरी तीनच्या वर. आमची एक पूर्णांक दोन.

आता ते एकशे चाळीस विद्यार्थी माझे होते. तीन वर्षांपूर्वी तेसोकचा तिकडून फोन आला होता.

"दादा, तुमचा पहिल्या वर्षाचा वर्ग केवढा मोठा आहे! एक तास द्या ना. तुमच्याशिवाय मला आहे कोण?"

दादा म्हटलं की मी विरघळतो. दिला तास. प्रश्नावली वाचली तेव्हाच मला हसू आलं होतं. एक प्रश्न होता, 'मित्राने नवी बोट घेतली तर तुम्हाला अस्वस्थ वाटतं का?' चुनचनमध्ये बोटी म्हणजे तळ्यातले पायडल मारायचे हंस, तेही तासावर भाड्याने मिळणारे. चुलतभावाच्या मुलाला सेऊलच्या चांगल्या कॉलेजात प्रवेश मिळाला आणि आपल्या मुलाला नाही, असला प्रश्न बारामध्ये एकही नव्हता. अमेरिकेत बसून प्रश्न काढणाऱ्याला सुचणार तरी कसा?

पण खरी करामत मी केली. वर्गात उभा राहून सांगितलं, "वरच्या कोपऱ्यात हजेरी क्रमांक लिहा, नाहीतर हजेरी लागणार नाही. आणि विचार करून भरा. हा कागद अमेरिकेला जायचाय. देशाची लाज राखा." मग कागद नेहमीसारखे शेवटच्या बाकावरून पुढे पुढे सरकवत गोळा झाले. प्रत्येकाने प्रत्येकाचा पाहिला. एकशे चाळीस पोरांनी देशाची लाज राखली. लेखात माझा उल्लेख तळटीपेत आहे. आभार मानले आहेत. एकट्याचे नाहीत, छपाईयंत्र दुरुस्त करणाऱ्या गृहस्थांबरोबर.

एवढ्यावर भागलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण आमच्या संशोधन केंद्राचं संचालकपद रिकामं होत होतं. ज्येष्ठतेने ते माझं. वीस वर्षं ते माझंच आहे असं सगळे म्हणत आले, आणि मीही नम्रपणे 'छे छे' म्हणत आलो. आता समिती बसायला आठवडा उरला असताना तेसोक कायमचा परत आला होता. त्याचा सत्कार ठेवला होता, आणि सोबत त्याचे अमेरिकन गुरू प्राध्यापक हॉलिस्टर येणार होते.

"अहो सोराचे बाबा, फुलांचं काय करायचं?" बायकोने विचारलं. सोरा आमची मुलगी. "दोन मजली स्टँड पाठवायचा की तीन मजली?"

"न पाठवून चालणार नाही?"

"पाठवणाऱ्याचं नाव फितीवर असतं. कुणाचं नाही ते लगेच दिसतं. मग म्हणतील, याच्या पोटात दुखतंय."

"कोरियन माणसाच्या पोटात दुखत नाही. छापून आलंय."

"मग तीन मजलीच पाठवा," ती म्हणाली. "आणि जेवा आता. तीन दिवस नुसती पेज पिताय."

सत्काराच्या दिवशी दारात फुलांचे सव्वीस स्टँड होते. मी मोजले. माझा प्रसाधनगृहाच्या बाजूला लावला होता. कोटाच्या आतल्या खिशात चार ओळी लिहिलेला कागद होता: हा लेख कोसळतो, कारण त्याची आकडेवारी मीच बिघडवली. लेख कोसळला की खुर्ची माझी. हिशोब सोपा होता.

"दादा!" तेसोक कमरेत वाकून धावत आला. नव्वद अंशांत वाकला, मेला. जरा कमी वाकला असता तर बोलायला जागा होती. "पुढच्या रांगेत बसा. तुम्ही नसता तर हा दिवस आला नसता."

हे मात्र शंभर टक्के खरं होतं.

भाषणं झाली. हॉलिस्टर इंग्रजीत बोलत होते, तेसोक कोरियनमध्ये सांगत होता. प्रश्नांची वेळ आली तसा मी हात वर केला. माइक आला. उभा राहिलो आणि मागे एकदा नजर टाकली. तिसऱ्या रांगेत गिलजू बसली होती. ती प्रश्नावली भरली तेव्हा ती पहिल्या वर्षाला होती, आता शेवटच्या वर्षाला माझ्याच वर्गात आहे. ती माझ्याकडे अशी बघत होती की तिला सगळं आठवतंय. मला सांगायचं होतं, की हे आकडे खोटे आहेत. लगेच कुणीतरी विचारणार, मग तीन वर्षं गप्प का होता? आज अचानक का बोलताय? त्याचं उत्तर एकच होतं, आणि ते साठ माणसांसमोर, डीन साहेबांसमोर, माइकवर द्यायचं होतं.

"अभिनंदन," मी म्हणालो. "तेसोकचं यश ते आपल्या सगळ्यांचं यश."

टाळ्या पडल्या. तेसोकने भाषांतर केलं. हॉलिस्टर आनंदाने पुटपुटले. "सर म्हणतायत," तेसोक म्हणाला, "बघा, माझा सिद्धांत उभा राहून बोलतोय."

मग हॉलिस्टरना प्रात्यक्षिक करायची हौस आली. तीच प्रश्नावली सगळ्यांना वाटा, आत्ताच सरासरी काढून पडद्यावर दाखवू. नाव लिहायचं नाही, त्यांनी दोनदा सांगितलं. गठ्ठा पुढच्या रांगेत आला, म्हणजे माझ्या हातात. मी दोन कागद काढून घेतले आणि गठ्ठा मागे दिला.

शेजारी डीन साहेब होते. त्यांनी सवयीने वर नाव लिहिलं, हुद्दाही लिहिला. त्यांचं लक्ष माझ्या कागदावर होतं, म्हणून मीही नाव लिहिलं आणि बाराच्या बारा 'एक' गोल केले. सुबक.

दुसरा कागद मांडीवर कार्यक्रमपत्रिकेखाली ठेवून भरला. पाच, पाच, पाच. मित्राची बढती, पाच. मित्राची प्रशंसा, पाच. बोटीलाही पाच; तेसोक उद्या बोटही घेईल. बऱ्याच वर्षांनी एखादी प्रश्नावली मी मन लावून भरली. शेवटच्या गोलाने कागद जरा फाटला.

कागद मागून पुढे आले. माझे दोन्ही मी गठ्ठ्याच्या मध्ये सरकवले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला भूक लागली. आता पडद्यावर दिसेल, हेवा वाटणारा एक तरी माणूस इथे आहे म्हणून.

दिसलंच. सरासरी एक पूर्णांक दोन, आणि खाली तळाला बारा पाचांचा एकच कागद. सभागृहात कुजबुज झाली. हॉलिस्टरनी तो कागद उंच धरला, फाटक्या भोकातून उजेड दिसत होता. हसत काहीतरी बोलले.

"सर म्हणतायत," तेसोक म्हणाला, "कुणीतरी मोजपट्टी उलटी वाचली. बोटीलासुद्धा पाच दिलेत. असे कागद प्रत्येक अभ्यासात निघतात, ते आपण वगळतो. वगळू या ना? हात वर करा."

हात वर गेले. डीन साहेबांचा गेला. मागे वळून पाहिलं, तर गिलजूचा गेला नव्हता. ती माझ्याकडे बघत होती.

मी हात वर केला. जरा जास्तच वर गेला.

कागद बाजूला पडला. सरासरी एक पूर्णांक एक झाली. पुन्हा टाळ्या.

बाहेर पडताना डीन साहेबांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "यांग, तुमचं मन मोठं आहे हो. आज कागदावर पाहिलंच मी. संचालकपदासाठी तेसोकचं नाव तुम्हीच सुचवलंत तर किती शोभेल! ज्येष्ठ म्हणून."

"छे छे," मी सवयीने म्हणालो. त्यांनी तो होकार धरला. वीस वर्षं सगळे तसाच धरत आलेत.

पुढच्या मंगळवारी मी नाव सुचवलं. एकमताने मंजूर झालं. डावलला गेलेला ज्येष्ठ सहकारी स्वतःच कनिष्ठाचं नाव सुचवतो, हे उदाहरण तेसोकने आपल्या पुढच्या लेखात वापरलंय म्हणे. या वेळी तळटीपेत आभार एकट्या माझेच आहेत.