उष्टावणाच्या आधी

नयनच्या उष्टावणाची तारीख तिच्या आजोबांनी, पंजाबरावांनी, तिसऱ्यांदा पुढं ढकलली, तेव्हा फोनच्या दुसऱ्या टोकाला तिचा मामा अश्वजित होता.

"गुरुजी, आता काय झालं?"

"पऱ्हाट्या उपटणं चालू हाये, बाप्पा. घरात माणूस नाई. पुढच्या पौर्णिमेले पाहू."

"मांगच्या पौर्णिमेलेबी तुमी हेच म्हणलं."

"तवा पोरीले सर्दी होती."

सर्दी खरी होती आणि कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्याही खऱ्या होत्या. पंजाबराव खोटं बोलत नसत. दारव्हा तालुक्यातल्या खेड्यांत सदतीस वर्षं पहिलीच्या पोरांना शिकवलेला माणूस. त्याला खोटं बोलायची सवयच नव्हती. खऱ्या गोष्टींतल्या सोयीच्या तेवढ्या ते निवडून घेत.

त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. त्यांचा मुलगा राजदीप दुसऱ्याच्या वावरात रोजानं फवारणीला जायचा. दाट पऱ्हाटीत मारलेलं औषध वाऱ्यानं त्याच्याच अंगावर यायचं. एका संध्याकाळी घरी आला तो "डोळ्यासमोर धूर धूर दिसते" म्हणतच आला, आणि आठव्या दिवशी दवाखान्यातून त्याला गाडीत घालून आणावं लागलं. नयन तेव्हा अडीच महिन्यांची होती. पुढं त्याच कपाशीची बोंडं अळीनं आतून पोखरली. ज्याच्यासाठी फवारलं तेही हाती आलं नाही.

राजदीपच्या मागं केलेल्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी चार माणसांत अश्वजितनं हळूच बहिणीचा विषय काढला. "मोनाली बावीस वर्षांची हाये. पुसदले तिच्यासाठी शिवणाचं काम पाहून ठेवलं. पोरीचं उष्टावण झालं का दोघींले घेऊन जातो. तोवर राहू द्या तुमच्यापाशी."

पंजाबरावांनी मान हलवली होती.

घरात देव नव्हते, पंचांग नव्हतं. पण मामाच्या हातचा पहिला घास तेवढा राहून गेला होता. तो पडेपर्यंत बाळाच्या तोंडात दुसऱ्या कुणी अन्न घालायचं नाही, हे त्यांची पत्नी रुखमाबाई आपल्या सासूकडून शिकली होती. पंजाबराव एरवी अशा गोष्टींवर हसत. या वेळी हसले नाहीत.

मार्चमध्ये अंगणवाडीच्या बेबीताईंनी नयनला झोळीत घालून काट्याला लटकवलं. काटा पाहिला, वही पाहिली, पुन्हा काटा पाहिला.

"गुरुजी, दोन महिने झाले, वजन जागचं हललं नाई. वरचं काय देता इले?"

"उष्टावण राह्यलं ना अजून."

"साडेसात महिन्यांची पोर नुसत्या दुधावर? मायच्या अंगावर तरी काय उरलं हाये, दिवसभर वावरात राबते ते. काहून राह्यलं उष्टावण?"

पंजाबरावांच्या तोंडाशी पऱ्हाट्या आल्या, सर्दी आली. बेबीताई त्यांचीच विद्यार्थिनी. पहिलीत पाटी उलटी धरायची. ती आता खालमानेनं वहीत काहीतरी लिहीत होती आणि उत्तराची वाट पाहत होती. झोळीतून उचलताना नयनचं मनगट त्यांच्या दोन बोटांत मावलं, आणि वर जागा उरली.

घरी येऊन ते ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्याच दिवशी अश्वजितला बोलवायचं, की पोरीला असंच ठेवायचं? संध्याकाळपर्यंत त्यांनी तिसरीच वाट शोधली.

"एक रताळं उकड," ते रुखमाबाईला म्हणाले.

"अवो, मामाचा घास बाकी हाये! आपल्या हातानं कसं द्यायचं?"

"आपल्या हातानं कोण देऊन राह्यलं? थे तिच्या हातानं खाईन."

रुखमाबाई त्यांच्याकडं पाहत राहिली. "जिले नाक पुसता येत नाई, थे जेवीन? तुमी गुरुजी कायचे, वकील व्हाले पाह्यजे होतं."

पण रताळं तिनं उकडलं.

नयन बसायला लागली होती. पंजाबरावांनी तिला सतरंजीवर बसवलं आणि समोर ताटलीत रताळ्याच्या लहान लहान फोडी ठेवल्या. तिनं एक पकडली. फोड मुठीत गडप झाली. तिनं मूठ चोखली, हाती काही लागलं नाही, ती रडली. दुसऱ्या दिवशी त्यांनी फोडी आपल्या बोटाएवढ्या लांब कापल्या. आता अर्धी मुठीत, अर्धी बाहेर. बाहेरची अर्धी आधी गालाला लागली, मग नाकाला, मग तोंडात गेली. नयननं भुवया उंचावल्या. तिच्या बापाची, काही नवं कळलं की अशीच भुवई चढायची. पंजाबराव उगाच छपराकडं पाहू लागले.

चौथ्या दिवशी तुकडा घशाशी गेला. तिचं तोंड लाल झालं, ओकारी आली. रुखमाबाई धावली, "घाला बोट! काढा!"

"थांब. आवाज येऊन राह्यला तिचा, खोकून राह्यली. काढीन थेच."

आपले हात त्यांनी मांडीखाली दाबून धरले. नयननं तुकडा बाहेर ढकलला, त्याच्याकडं पाहिलं आणि पुन्हा तोंडात घातला. मागं पोरांना पाटीवर अक्षर गिरवायला देतानाही ते असेच हात आवरून बसत. हात धरून काढलेलं अक्षर मास्तरचं होतं, पोराचं नाही, असं त्यांचं मत होतं.

मग डांगराची, म्हणजे लाल भोपळ्याची फोड आली, वरणात भिजवलेली भाकर आली, केळं आलं. भात केसांत जायचा, वरण कोपरावरून गळायचं, अर्धं अन्न कोंबडी खायची. मोनाली वावरातून आली की पोरीच्या कानामागचं सुकलेलं डांगर पदरानं पुसायची. एक शब्द विचारायची नाही. तीन आठवड्यांत बेबीताईंचा काटा पुढं सरकला. पंजाबरावांना वाटलं, जमलं. पोर वाढतेही आहे आणि घरातही आहे.

एप्रिलच्या पौर्णिमेला अश्वजित न विचारताच आला. नवं झबलं, वाटी, चमचा. रुखमाबाईनं तांदळाची खीर केली. बुद्धवंदना झाली. अश्वजितनं नयनला मांडीवर घेतलं, चमचा पुढं केला.

नयननं ओठ मिटले.

"मामाले लाजते," रुखमाबाई घाईनं म्हणाली.

अश्वजितनं पुन्हा चमचा नेला. नयननं तो बाजूला सारला, वाटीत हात बुडवला, मूठभर खीर तोंडात कोंबली. मग पुढं झुकून पंजाबरावांच्या ताटातली भाकर उचलली आणि सरावानं, जराही न सांडता, खाऊ लागली.

अश्वजित हसला. हसता हसता थांबला. "मोनाली, हे तर जेवते! कवापासून?"

कोपऱ्यात बसलेली मोनाली म्हणाली, "महिना झाला, दादा." मग सासऱ्याकडं वळली. आवाज चढला नव्हता. "बाबा, तुमी मले नुसतं 'थांब' म्हणलं असतं ना, तर मी थांबली असती काही दिवस. पोरीच्या तोंडाचं कायले थांबवलं दोन महिने?"

रागावली असती तर पंजाबरावांना बरं वाटलं असतं. पोरांना शिक्षा करताना तेही कधी आवाज चढवत नसत. आज प्रथमच कळलं, त्यानं शिक्षा हलकी होत नाही.

"चुकलो, बाई," ते म्हणाले. "तिच्या बापाले ठेवता नाई आलं मले. वाटलं, इले तरी..." अश्वजित मान खाली घालून रिकामा चमचा पुसत राहिला.

सकाळी पुसदची गाडी होती. थांब्यावर पंजाबरावांनी मोनालीला पुन्हा पुन्हा सांगितलं: फोडी बोटाएवढ्या कर, दाबल्या का चिरडल्या पाह्यजे, बसल्याबिगर देऊ नको, खाताना एकटी सोडू नको. मोनाली "हो बाबा" म्हणत राहिली. तिचे डोळे वाहत होते, ती पुसत नव्हती.

गाडीचा धुरळा दूर दिसला. रुखमाबाईनं पिशवीतून भाकर काढली. "अवो, एक डाव तरी तुमच्या हातानं भरवा तिले. इतके दिवस नुसतंच पाहत बसले."

पंजाबरावांनी एक तुकडा मोडला, बोटांत मऊ केला आणि पुढं नेला. नयननं हात केला नाही. तिनं त्यांच्याकडं पाहिलं, मान वर केली आणि तोंड उघडलं. मामाला न उघडलेलं तोंड. खालचे दोन इवलेसे दात दिसत होते.

त्यांचा हात तिच्या ओठांपाशी गेला. तिचा श्वास बोटांना लागला. पुसदला शिवणयंत्रावर बसलेली माय, कामावर गेलेला मामा, आणि असं तोंड उघडून बसलेली पोर. हे हात तर इथंच राहणार होते.

त्यांनी तिची मूठ उलगडली आणि तुकडा तिच्या तळहातावर ठेवला.

नयन क्षणभर तशीच तोंड उघडून राहिली. मग हाताकडं पाहिलं आणि खाऊ लागली. गाडी थांबली तेव्हाही ती खातच होती.