जूनची एकतिसावी तारीख

मित्रांनो, बादल्या बनवणाऱ्या एका कंपनीतला मी जुना तारखेचा शिक्का. माझ्या पोटात रबरी पट्टे आहेत. चाके फिरवली की दिवस, महिना आणि साल बदलते. मला मागेही जाता येते, आणि तिथूनच माझी कर्मकहाणी सुरू होते.

मालकांनी बँकेकडून भलेमोठे कर्ज काढले होते. तिमाहीचा नफा ठरल्यापेक्षा कमी दिसला, तर बँक ते एकदम परत मागणार होती. म्हणून तिमाही संपली की ते हिशेबनीसकाकांच्या टेबलाशी येत.

"काका, जरा सांभाळून घ्या की!"

मग पुढच्या महिन्यातल्या विक्रीच्या बिलांवर काका मागच्या महिन्याची तारीख आपटत. एका वर्षी डिसेंबरची एकतीस तारीख तब्बल अकरा दिवस चालली! काकांना घाम फुटे, पण निवृत्तीला दोनच वर्षे उरली होती. तपासनीस येत, बिस्किटे खात आणि डोळे झाकून सही करत. तेव्हाचा कायदाच तसा होता. लबाडी सापडली तर दंड कंपनीला, आणि तोही त्या बिस्किटांच्या खर्चाहून कमी. मालक मला थोपटून म्हणत, "हा आपला खरा कमावता!" खोटे कशाला सांगू, मी फुलून जात असे.

पुढे कायदा बदलला. खोट्या हिशेबावर ज्याची सही, तुरुंगात तोच. पण सवय कुठली सुटायला? त्या जुलैत काकांनी माझी चाके मागे फिरवली आणि चाळीस बिले उरकली. तपासनीसांनी या वेळी मात्र चष्मा लावला. पहिलेच बिल पाहिले आणि बिस्कीट हातातच राहिले.

"काका, जूनचे दिवस किती हो?"

"तीस," काका म्हणाले आणि पांढरेफटक पडले. चाळीसही बिलांवर एकतीस जून होता.

मालक धावत आले. "अहो, एका दिवसाचं काय घेऊन बसलात? नवी बिलं काढा, तीस मारा!"

काकांनी मला उचलून त्यांच्याच हातात दिले. "साहेब, तुम्हीच मारा. खाली सहीही तुमचीच करा. या वयात मला तुरुंगातलं जेवण पचायचं नाही."

मालकांनी मला बिलाच्या वीतभर वर धरले. सहीची रिकामी जागा पुन्हा पुन्हा पाहिली. शेवटी त्यांनी मला हळूच खाली ठेवले.

"बँकेला खरं काय ते सांगून टाका," ते पुटपुटले.

खरा नफा निम्माच निघाला. मालकांना गाडी विकावी लागली, पण कर्जाची मुदत वाढली. "आकडे वाईट आहेत," बँकेच्या बाई म्हणाल्या, "पण विश्वास ठेवावा असे पहिल्यांदाच आलेत."

आता मला कोणी थोपटत नाही, याचे थोडे वाईट वाटते. काका मात्र घरी जाताना शीळ घालतात. मित्रांनो, माझा एखादा भाऊबंद तुमच्याकडे आला, तर त्याला वेळेवर शाई द्या, कोरड्या फडक्याने पुसा. आणि कोणी खोटी तारीख मारायला सांगितली, तर शिक्का आधी त्याच माणसाच्या हातात द्या. आम्ही किती जड आहोत, ते तेव्हाच कळते.