नासलेलं पाखरू

दहाव्याच्या दिवशी कोमल माझ्यापेक्षा जास्त रडली. ओढ्याच्या काठावर पन्नासेक माणसं होती, सगळी नात्यातली नाहीतर गावातली. तांड्यावरून आलेली ही मुलगी बाभळीखाली उभी राहून मोठ्यानं रडत होती आणि बाया एकमेकींना विचारत होत्या, ही कोण? मुंजाजींची लेक तर पुढं बसलीय, कोरड्या डोळ्यांनी. मला रडू आलं नव्हतं. मला तिचा राग आला होता.

कोमल म्हणजे बाबांच्या मित्राची, नेमसिंगची मुलगी. वय चोवीस. गोरेगावच्या रस्त्याला तिचं एका खोलीचं दुकान आहे. शेतातल्या पाण्याच्या जळालेल्या मोटारींना ती नवी तार भरून देते. ते काम तिला बाबांनी शिकवलं. बाबा वायरमन होते. निवृत्तीनंतर दिवसातला बराच वेळ ते त्या दुकानात बसायचे, एवढं मला माहीत होतं. बाकीचं चौदाव्या दिवशी कळलं, पाहुणे पांगल्यावर, आई भांडी मोजून घेत असताना.

"संध्ये, एक काम राहिलंय बघ," आई म्हणाली. "कपाटावरची ती छऱ्याची बंदूक. ती कोमलला नेऊन द्यायची."

"काहून?" आईशी बोलताना माझ्या तोंडी अजून तोच शब्द येतो.

"ह्यांनी सांगितलं. त्याच दिवशी, सकाळी. म्हणले, बंदूक कोमलला दे, अन् तेल देत जा म्हणाव तिला."

"आणखी काय म्हणाले?"

"आणखी काय म्हणतेत? पाणी मागितलं."

बाबा नऊ वाजता गेले. मी नांदेडहून अकराला दवाखान्यात पोचले. त्या दोन तासांचा हिशोब मी मनाशी अनेकदा मांडला होता: वाटेत चहाला थांबले नसते तर, आदल्या रात्रीच निघाले असते तर. काहीतरी माझ्यासाठी ठेवलेलं वाक्य माझ्यावाचून हवेत गेलं असेल, असं मला वाटत होतं. आता कळलं की वाक्य होतं, पण ते माझ्यासाठी नव्हतं. मी आईला तीनदा वेगवेगळ्या तऱ्हेनं विचारलं. तिसऱ्यांदा ती चिडली. "तुझं नाव घ्यायला तू काय परकी हायेस? लोक परक्याचं सांगून जातेत."

ती बंदूक माझ्या जन्माआधीची. नळी मधोमध मोडून एका वेळी एकच छर्रा भरायचा. तारेच्या लाइनखालून रोज चालत जाणाऱ्या बाबांना माळावरच्या कोणत्या घाणेरीत तितर बसतात हे पाठ होतं. सुट्टीच्या दिवशी ते दोन-तीन आणायचे, त्याहून जास्त कधीच नाही. त्यांचा नियम एकच होता: डोकं, नाहीतर काही नाही. छर्रा तुरीच्या दाण्याहून लहान, पण तो अंगात शिरला की छातीचं मांस रक्तानं काळं पडतं, हाडाचे कण घासात येतात आणि आतडं फुटलं तर सगळंच कडू. म्हणून वीस पावलांच्या आत गेल्याशिवाय ते बंदूक खांद्याला लावत नसत. पळत्या पाखरावर नाही, उडत्यावर तर नाहीच. आई पिसं उपटायला बसली की मी शेजारी बसून पाखराच्या अंगावर जखम शोधायची. सापडायची नाही.

दहा वर्षांची असताना मी म्हटलं, मला शिकवा. ते म्हणाले, "तुला अभ्यास हाय." बाराव्या वर्षी पुन्हा विचारलं. उत्तर तेच. मग मी अभ्यास केला. सतराव्या वर्षी परभणीच्या वसतिगृहातून त्यांना चार पानी पत्र लिहिलं. शिकार हा कायद्यानं गुन्हा आहे, माळावरची पाखरं दरवर्षी कमी होत आहेत, आणि ज्या घरात ती शिजतात तिथं मी जेवणार नाही. त्यातली दोन-तीन वाक्यं पुस्तकातून उचललेली होती. पत्राला उत्तर आलं नाही. दिवाळीला घरी गेले तेव्हा बंदूक जुन्या खाकी सदऱ्यात गुंडाळून कपाटावर चढलेली होती. पुढं तीस वर्षं आमच्या घरात तिचा विषय निघाला नाही. मी जिंकले, असंच मी धरून चालले होते.

चार वर्षांपूर्वी त्यांची दाढ तुटली. मी त्यांना नांदेडला आणून दाखवलं, कॅप बसवून घेतली. भाकरीत खडा आला म्हणाले. मी फोनवर आईला बोल लावले, की ज्वारी नीट निवडत जा. आई ऐकून घेत राहिली.

पंधराव्या दिवशी पहाटे मी बंदूक गाडीच्या मागच्या सीटवर ठेवून तांड्यावर गेले. द्यायची की नाही, हे ठरवलं नव्हतं. कोमल अंगणात शेळीला पाला टाकत होती. मला पाहून तिनं हात ओढणीला पुसले. मागं बाजेवर नेमसिंग बसला होता. तो उठला, रामराम घातला आणि आमच्या दोघींना मोकळं सोडून हळद शिजत होती त्या शेताकडं निघून गेला.

"काकांची हाय न्हाई का ती?" गाडीच्या काचेतून दिसणाऱ्या सदऱ्यावरूनच तिनं ओळखली.

"तुला येते चालवायला?"

तिनं शेळीपुढचा पाला पायानं सारला. मग म्हणाली, "तुमाला ते पटत न्हाई म्हणे."

"कोण म्हणालं?"

"काकाच. म्हणायचे, माझ्या पोरीनं लई पुस्तकं वाचलीत, तिच्याम्होरं बंदुकीचं नाव काढायचं न्हाई. तुमचं पत्रबी दाखवलं व्हतं मला."

"हसले असतील."

"न्हाई ओ. अक्षर बघ म्हणले, छापल्यावानी. मला म्हणले, असं अक्षर काढ, मग बंदूक शिकवतो. दोन वह्या भरल्या म्या."

तिनं ते सहज सांगितलं. माझ्या पत्रावरून तिला शुद्धलेखन घातलं होतं, आणि बक्षीस म्हणून ती गोष्ट दिली होती जी मला दोनदा मागून मिळाली नव्हती. मी विचारलं, "कधीपासून?"

"सातवीत व्हते. ह्या मागच्या पोळ्यापर्यंत जात व्हतो आमी. मंग त्यांना दम लागाया लागला."

सातवी. म्हणजे अकरा-बारा वर्षं. कपाटावरची बंदूक मी आले की कपाटावर असायची, एवढाच माझा विजय होता.

"मला दाखव," मी म्हणाले.

"आत्ता? ताई, काका गेल्यापसून हात न्हाई लावला. अन् तुमीच तर—"

"मी काय लिहिलं ते मला ठाऊक आहे. दाखव."

तांड्यामागच्या माळावर ऊन नुकतं टेकत होतं. तितरांची हाक सगळीकडून येत होती, आणि कुठूनच नाही अशी. कोमल चपला काढून हातात घेऊन चालली, मीही काढल्या. एका बोरीच्या जाळीपासून पंधरा-वीस पावलांवर ती बसली आणि मला खाली ओढलं. बराच वेळ काही झालं नाही. मग चार तितर बाहेर आले, धुळीत चोची मारत. त्यांच्या माना सारख्या हलत होत्या. कोमलनं नळी मोडली, छर्रा अंगठ्यानं दाबला, खांद्याला लावली आणि नुसती धरून राहिली. मला वाटलं हिला जमत नाही. तेवढ्यात तिनं जिभेनं टाळूवर हलकाच आवाज केला, एकच. चारही माना एकदम वर ताठ झाल्या. त्या एका श्वासात तिनं घोडा दाबला.

बाकीचे तीन जाळीत पळाले. पडलेला तितर तिनं उचलून माझ्या हातावर ठेवला. तो गरम होता. मी लहानपणीसारखं त्याच्या अंगावर शोधलं. काही नव्हतं. डोळ्यामागं तेवढा एक लाल ठिपका.

"आवाज करायचा त्यांनी शिकवला?"

"व्हय. म्हणायचे, पाखरू तुला बघाया मान वर काढतंय, त्याला फसवायलो आपण. तर मंग त्याला दुखू तरी द्यायचं न्हाई."

हे मला माहीत नव्हतं. बाबांनी ते वाक्य माझ्यासमोर कधी उच्चारलं नव्हतं, आणि ते माझ्या चार पानांपेक्षा बरं होतं.

"आण इकडं," मी बंदुकीला हात घातला.

दुसऱ्या जाळीशी आम्हाला तासभर बसावं लागलं. कोमल कानाशी सांगत होती: कोपर गुडघ्यावर टेका, श्वास सोडा, घाई नको. पाखरू आलं. मी टाळूला जीभ लावली. आवाज जमला, मान वर झाली. पण ती ताठ होईपर्यंत मला वाट बघवली नाही. कोमलसारखं व्हावं, तिच्याहून लवकर व्हावं, असं काहीतरी माझ्या बोटात होतं, आणि मी घोडा दाबला. तितर उडाला नाही, पडलाही नाही. एका बाजूला फडफडत गोल फिरू लागला. कोमल धावली, तिनं एका हिसक्यात त्याची मान मोडली.

"पोटात लागलं," ती म्हणाली.

"दिसतंय मला."

"माझं पहिलं बी असंच. काका कायबी बोलले न्हाईत. तुमी बी नका बोलू."

घरी येऊन तिनं दोन्ही पाखरं कोरडीच सोलली. पाणी लावलं की मांस फुळकट होतं, म्हणाली. माझ्या पाखराचं आतडं फुटलेलं होतं आणि अर्धी छाती काळी पडली होती. जेवढं कापून टाकण्यासारखं होतं तेवढं तिनं टाकलं. चुलीवर तिखट-मीठ घालून दोन वेगळ्या भांड्यांत शिजवलं. वेगळ्या का, ते मी विचारलं नाही. भाकरी झाल्यावर तिनं तिचं पाखरू माझ्या ताटात वाढलं आणि माझं स्वतःच्या.

"मी खात नाही," मी म्हणाले.

"बरं. राहू द्या मंग."

तिनं ताट उचलायला हात पुढं केला, आणि मी ते धरून ठेवलं. तीस वर्षांनंतर मी पहिला घास घेतला. मांस स्वच्छ होतं, दाताखाली काही आलं नाही. समोर ती सावकाश चावत होती, मधेच हाडाचा कण काढून ताटाच्या कडेला ठेवत होती.

"ते फेकून दे ना," मी म्हणाले. "कडू असेल."

"हाय थोडं कडू." ती हसली. "पण खावं लागतंय. शिकणाऱ्यानं नासवलेलं पाखरू शिकवणाऱ्यानं खायचं, असं काकांचं व्हतं. म्हणायचे, म्हंजी मास्तर नीट शिकवतो. माझी अकरा खाल्ली त्यांनी, हितंच बसून. एकदा तर दाढ गेली बिचाऱ्यांची."

"कधी?"

"झाली की तीन-चार वर्सं. बराच काळ हात लावला नव्हता म्या, अन् घाई केली. छर्रा मांसातच राह्यला. काकांनी तो तोंडातून काढला, माझ्या हातावर ठेवला अन् म्हणले, घे, तुझा माल. मी रडाया लागले तर म्हणले, दाढ म्हाताऱ्याची, लेकरू काहून रडतंय?"

मी खाली बघून जेवत राहिले. कॅप बसवताना बाबांनी खुर्चीचा हात घट्ट धरला होता आणि मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून उभी होते. त्या दिवसाइतकी मी त्यांच्या जवळ त्यानंतर कधी गेले नाही. तो दिवससुद्धा हिचा निघाला. आणि आता ती माझं नासलेलं पाखरू खात होती, म्हणजे माझी मास्तर झाली होती, मला न विचारता. तिच्या ताटातलं ओढून घ्यावं असं वाटलं. पण मग ते मला खावं लागलं असतं, आणि स्वतःचं स्वतः खाल्लं तर कुणीच कुणाला शिकवलं नाही असा त्याचा अर्थ झाला असता.

ती हात धुऊन आली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. इतका वेळ बोलत होती ती आता शब्द शोधू लागली.

"ताई, एक विचारू? काका शेवटी... माझं नाव काढलं व्हतं का? म्हंजी सहजच. दवाखान्यात काय भेटू दिलं न्हाई मला. नात्यातले हाव का म्हणले. मी बाहीरच व्हते दोन दिवस."

मला हे ठाऊक नव्हतं. मी पोचले तेव्हा दवाखान्याच्या दारात कोण उभं होतं, ते मी पाहिलंच नव्हतं.

बंदूक आम्हा दोघींच्या मध्ये सदऱ्यावर आडवी पडली होती. सांगायला फार थोडं होतं. आईनं सांगितलं ते दोन वाक्यांत मावलं असतं, आणि ही मुलगी ती दोन वाक्यं जन्मभर सांभाळून ठेवणार होती. मी ठेवली असती तशीच. मला तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं की ती नेमकी किती आशा धरून बसलीय. मी सुद्धा आईला तीनदा विचारलं होतं.

"मी उशिरा पोचले," मी म्हणाले. "मला माहीत नाही."

"व्हय का," ती म्हणाली. "बरं."

मग मी बंदूक उचलून तिच्या पुढ्यात ठेवली. "ही तुला ठेव. माझ्याकडून."

"तुमच्याकडून?" तिनं दोन्ही हात मागं घेतले. "ताई, तुमच्या बापाची वस्तू हाय ती."

"म्हणूनच देतेय. मला काय करायचीय?"

तिनं बंदुकीला हात लावून तो कपाळाला टेकवला. मग माझ्या पाया पडली. मी तिला उठवलं नाही. पाय मागं घ्यायला हवे होते, तेही घेतले नाहीत.

"तेल देत जा तिला," मी म्हणाले, आणि गाडीकडं निघाले.

घरी आई ओट्यावर तूर निवडत बसली होती. "दिली?"

"दिली."

"ह्यांनीच द्यायला लावली, असं सांगितलंस ना तिला? लेकरू रडलं असंल."

मी गाडीची किल्ली खिळ्याला लावली आणि म्हणाले, "हो, रडली." आईनं सुपातला एक खडा वेचून अंगणात फेकला. मी तिच्या शेजारी बसले आणि निवडू लागले.