माझी जाळी त्याच्या अंगावर

मित्रांनो, मी एका मोटरसायकलचा जुना सायलेन्सर आहे. गल्लीच्या तोंडाशी एक गॅरेज आहे, तिथे झिजलेल्या टायरांच्या ढिगावर सध्या माझा मुक्काम असतो. माझी गोष्ट सांगतो, पण आधीच सांगून ठेवतो, तिच्यात बराच जळफळाट आहे. मी काही संत नाही.

कारखान्यात पत्रा वळवून, आत नळ्या जोडून मला घडवलं. इंजिनाचा धूर बाहेर सोडायचा आणि त्याचा आरडाओरडा आतल्या आत गिळायचा, हे माझं काम. माझा मालक वायरमन. त्याच्या लेकीला सगळे ठमी म्हणत. सकाळचं एखादं काम उरकून मालक तिला शाळेत सोडायला घरी येई, तेव्हा मी तव्यासारखा तापलेला असे. घराची पायरी नेमकी माझ्या बाजूला. ठमी तिच्यावरूनच गाडीवर चढायची. पण माझ्या अंगावर लोखंडी जाळी होती, त्यामुळे तिच्या पायाला कधी चटका बसला नाही. याबद्दल कुणी माझं कौतुकही केलं नाही. न बसलेल्या चटक्याचं कौतुक कोण करतो?

पुढे पोटात पाणी साचून मला गंज चढला. खालून एक भोक पडलं आणि मी फटफट करू लागलो. गॅरेजवाला मिस्त्री म्हणाला, "आत्ताच वेल्डिंगचा टाका मारू. अजून बरेच दिवस चालेल." पण तेवढ्यात ठमीचा मामा नवाकोरा सायलेन्सर घेऊन हजर झाला.

"भाऊजी, हे खोकणारं धूड कशाला वागवताय? हा बसवा. सगळी गल्ली वळून बघेल!"

"याला जाळी नाही," मिस्त्री म्हणाला. "वेगळी बसवू का?"

"छे! जाळी लावल्यावर चमक कुणाला दिसणार?"

मालकाने मान डोलावली आणि माझी रवानगी जिन्याखाली झाली.

तिथून मला अंगण दिसायचं. मालक त्या नव्याला मऊ फडक्याने पुसायचा. मला कधी पुसलंच, तर फाटक्या बनियनने. गल्लीतली पोरं त्याच्यात आपली तोंडं बघायची. आणि आवाज तर काय विचारता! उथळ पाण्याला खळखळाट फार. मी आयुष्यभर तापलो, पण असा जळलो कधी नव्हतो. "भंगारवाला आला की ते जुनं देऊन टाका," असं ठमीची आई म्हणाली, तेव्हा तर माझा तिळपापड झाला. भंगारवाला येण्याआधी त्या मिरवणाऱ्याची खोड मोडावी आणि मी माझ्या जागेवर परत जावं, हा एकच ध्यास मला लागला.

त्याची खोड मोडली खरी, पण भोगावं लागलं ठमीला. एका सकाळी ती नेहमीसारखी पायरीवरून चढली आणि किंचाळली. पोटरीवर भला मोठा फोड आला. मामा तिथेच उभा होता. त्याचं तोंड एवढंसं झालं.

"दिसली ना चमक?" ठमीची आई भावावर कडाडली. मग नवऱ्याकडे वळली. "आणि तुम्ही! तो भोंगा आधी काढा तिथून!"

खरं सांगतो, पोरीचं रडणं मला ऐकवेना. पण मनातून मी खूशही झालो. आता मालकाला माझी आठवण येणार होती.

आलीच. जखम सुकली तरी ठमी गाडीच्या जवळ जाईना. शाळेत पायी जायची, तेही गाडीपासून लांबून वळसा घालून. शेवटी मालकाने मला जिन्याखालून काढलं, सीटवर बांधलं आणि गाडी ढकलत गॅरेजात नेली. ठमी मागून चालत होती. मी नवरदेवासारखा बसलो होतो आणि त्या चमकणाऱ्याकडे वरून बघत होतो.

मिस्त्रीने माझ्या भोकात बोट घातलं. पत्रा पापडासारखा मोडला.

"आता टाका धरणार नाही," तो म्हणाला. "तेव्हाच म्हटलं होतं. जिन्याखालच्या ओलीने पार खाल्लाय याला."

"मग आता काय करायचं?" मालकाने विचारलं.

"जाळी ठणठणीत आहे. ती नव्याला बसवतो. आणि आवाज कमी करायला आत एक नळी घालतो."

स्क्रू गंजून घट्ट झाले होते. मीही ते सोडत नव्हतो. मिस्त्रीने तेल सोडलं, ठोकलं आणि माझी जाळी माझ्या डोळ्यांदेखत त्याच्या अंगावर चढवली. माझी जागा त्याने घेतली होतीच. आता अंगावरचं वस्त्रही घेतलं.

"चल, बस," मालक म्हणाला.

ठमी मागे सरली. "बाबा, ही जाळी आपली जुनीच आहे ना?"

"तीच आहे गं."

तिने हात लावून पाहिलं आणि हळूच गाडीवर चढली. गाडी सुरू झाली, तरी तिने पाय उचलून धरला नाही.

मित्रांनो, घरातल्या वस्तूला पहिलं भोक पडेल तेव्हाच टाका मारा. तिला ओलीत टाकू नका. आणि नवी आणलीत, तर जुनी गुपचूप काय काय सांभाळत होती, ते आधी बघा. माझं म्हणाल, तर मला त्या नव्याचा हेवा अजूनही वाटतो. रोज सकाळी तो इथून ऐटीत जातो, पण मी त्याच्याकडे बघत नाही. मी ठमीचा पाय बघतो.