तळ्यावर भात नाही

मराठी माणूस कैलासाला निघाला तरी आधी विचारतो, जेवणात वरण-भात आहे ना? सहली काढणाऱ्या माणिकपूरच्या संपदाला हे तिच्या पहिल्याच सहलीत कळलं होतं. त्यामुळे लडाखची सहल ठरवताना तिनं प्राणवायूच्या सिलिंडरआधी स्वयंपाकीण ठरवली. ती म्हणजे आशालता, स्टेशनजवळच्या पोळी-भाजी केंद्रात एकोणीस वर्षं चुलीशी उभी राहिलेली बाई.

आशालताला हो म्हणायला क्षणही लागला नव्हता. संपदानं मोबाइलवर पँगाँग तळ्याचा फोटो दाखवला आणि तिचं चित्त तिथंच अडकलं. एवढं निळं पाणी आणि भोवती झाडाचं एक पान नाही. तिला ते बघायचं होतं, बस्स. वसईचा समुद्र हाकेच्या अंतरावर असून तिनं तो धड पाहिला नव्हता. संध्याकाळी माणसं किनाऱ्यावर जातात आणि नेमकी त्याच वेळी त्यांच्या घरच्या पोळ्या लाटायच्या असतात.

मग तिनं तयारी अशी केली की विचारू नका. उंचावर पाणी लवकर उकळतं, पण त्यात भात शिजत नाही, हे तिनं कुठून तरी शोधून काढलं. उघड्या पातेल्याला रजा, सगळं कुकरमध्ये. डाळ रात्रभर भिजवायची, शिट्ट्या वाढवायच्या. दम टिकावा म्हणून ती रोज केंद्राच्या इमारतीचे चार मजले दोनदा चढू लागली.

निघायला तीन आठवडे उरले असताना, रविवारी संपदाच्या घरी सहलीला येणारे सगळे जमले. संपदानं कागद वाटले. आशालतानं पोह्यांच्या बश्या फिरवल्या आणि मग आपलाही कागद वाचायला घेतला. पाचवा दिवस : तांगत्से गावात मुक्काम. सहावा दिवस : सकाळी पँगाँग, दुपारी दोनला तांगत्सेत परत, गरम जेवण.

दोनला गरम जेवण म्हणजे कुकर अकराला चढायला हवा. तिनं मनात हिशेब मांडला. म्हणजे सगळे तळ्यावर असतील तेव्हा ती तांगत्सेत शेगडीपाशी. खात्री करायला तिनं मागचं पान उलटलं. सोबत न्यायच्या सामानाची यादी होती. प्रेशर कुकर तीन, शेगड्या दोन, तूरडाळ पाच किलो, आशाताई.

संपदा काही दुष्ट नव्हती. कामाच्या घाईत जे जिथं सुचलं ते तिथं लिहिलं, एवढंच. पण आशालतानं कागदाची घडी घालून ठेवली. ती स्वयंपाकघरात गेली, नळ सोडून उगाच बश्या विसळत राहिली. गप्प बसावं, निदान विमानात तरी बसायला मिळेल, असंही एकदा वाटलं. मग तिनं नळ बंद केला आणि पदराला हात पुसत बाहेर आली.

"संपदा, सहाव्या दिवशी मी भात करणार नाही," ती म्हणाली. "आदल्या रात्री दुधातल्या दशम्या करून ठेवते. तिळाची चटणी, गूळ, शेंगदाणे. तळ्यापाशी बसून खाऊ. मला तळं बघायचंय."

जयवंतकाका बँकेतून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, फक्त भाताचा होता. भाताशिवाय दुपार त्यांना माहीतच नव्हती.

"अहो, मग स्वयंपाकीण नेतोय कशाला आपण?" ते म्हणाले.

"भातासाठीच नेताय, काका. सात दिवस देते की मी भात. एक दिवस माझा."

काकांनी आधारासाठी इकडंतिकडं पाहिलं. शेजारी क्रिस्टीना टीचर बसल्या होत्या. छत्तीस वर्षं वर्ग सांभाळलेल्या बाई, त्या आवाज न चढवता म्हणाल्या, "जयवंतराव, तुम्ही तळं बघून याल आणि हिला सांगाल कसं होतं ते. ही तुम्हाला वाढता वाढता ऐकेल. चालेल तुम्हाला?"

काकांनी हातातला कागद उलटसुलट केला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"दशम्यांबरोबर लोणचं असेल ना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"लिंबाचं आहे."

"मग मला दोन जास्त ठेवा."

संपदा एव्हाना रडवेली झाली होती. "आशाताई, चुकलंच माझं," म्हणत तिनं कपाटातून प्रवाशांचा एक फॉर्म काढून तिच्यापुढं ठेवला. बाकीच्या तेरा जणांनी तो महिन्यापूर्वीच भरला होता. नाव, वय, रक्तगट, आजार. आशालता एकेक रकाना सावकाश भरत गेली. सगळ्यात खाली प्रश्न होता, सहलीला का येत आहात?

"इथं काय लिहू? स्वयंपाक?" तिनं विचारलं.

"तुम्हाला वाटेल ते लिहा."

तिनं पेन टेकवलं, थांबली, आणि मोठ्या, वळणदार अक्षरात लिहिलं, 'बघायला.'