पट्ट्याला पाक

माझे वडील पट्ट्यात सापडून गेले. आमच्या बेकरीच्या मागच्या शेडमध्ये डिझेलचं इंजिन आहे, शेजारी डायनॅमो, आणि दोघांच्या पुल्यांवरून फिरणारा रबरी पट्टा. वीज गेली की इंजिन सुरू करायचं. ते पट्ट्यानं डायनॅमो फिरवतं आणि बेकरी चालू राहते. त्या पट्ट्यात बाबांचा हात गेला, हातामागून खांदा. दवाखान्याच्या वाटेवरच संपलं.

भेटायला येणारे सगळे एकच वाक्य घेऊन आले. आलेली वेळ टळत नाही. काका, म्हणजे बाबांचे धाकटे भाऊ, प्रत्येकाला दारापर्यंत पोचवताना तेच म्हणायचे, आणि समोरचा मान हलवायचा. मी चहाचे कप उचलत राहिले. वेळ आली नव्हती. पट्ट्यावरची जाळी काढलेली होती.

जाळी काढली होती ती पाकासाठी. पीठ मळायचं मशीन मैद्यानं गच्च भरून सुरू केलं की इंजिन दबायचं, पट्टा पुलीवर घसरायचा आणि किंचाळायला लागायचा. दुसऱ्या कुणी मिस्त्री बोलावला असता. आमचे पडले बेकरीवाले. बन चमकावेत म्हणून त्यांच्यावर ब्रशनं साखरेचा पाक फिरवतात; तोच पाक हे लोक पट्ट्याच्या आतल्या बाजूला लावायचे, पट्टा फिरत असताना. घटकाभर चिकटपणा यायचा, पट्टा गप्प बसायचा. मग पाक सुकून काचेसारखा गुळगुळीत व्हायचा, पट्टा आणखी घसरायचा, की आणखी पाक. मधे जाळी आड येते म्हणून ती काढून भिंतीला टेकवली, ती तिथेच गंजली. घरात याला बाबांची युक्ती म्हणत. पाहुण्यांना कौतुकानं सांगत.

त्या दिवशी आतून ‘पाक लाव’ म्हणून ओरडले ते काका. आई शेजारच्या खोलीत ट्रे पुसत होती, तिनं ऐकलं. मला तिनं हे एकदाच सांगितलं आणि पुन्हा विचारू नकोस म्हणाली.

बेकरी पुन्हा सुरू करायची ठरली तेव्हा शेड दादाकडे आली. मी म्हटलं, मिस्त्री येऊन सगळं नीट बसवून देईपर्यंत इंजिनाला कुणी हात लावायचा नाही. काका म्हणाले, “मास्तरीणबाई, इंजिन पुस्तकावर चालत नाही, डिझेलवर चालतं.” दादा हसला. बाबा गेल्यानंतर तो पहिल्यांदाच हसत होता, म्हणून मी ते गिळलं.

मिस्त्री आला. बोलघेवडा माणूस. त्यानं डायनॅमो उचलून लांबट भोकांच्या लोखंडी रुळांवर बसवला, म्हणजे पट्टा ढिला पडला तर इंजिन बंद करून, बोल्ट सैल करून डायनॅमो मागे सरकवता येतो. दोन्ही पुल्या एका रेषेत आहेत का ते त्यानं दोरी ताणून बघितलं, नव्हत्या. एवढी वर्षं पट्टा तिरका धावत होता. नवा पट्टा चढवून त्यानं मधोमध अंगठ्यानं दाबून दाखवला आणि म्हणाला, पट्टा आणि नवरा, फार ताणला तर तुटतो, ढिला सोडला तर घसरतो. बोलून गेल्यावर त्याला आठवलं कुणाच्या घरात आहोत ते, आणि तो जीभ चावून खाली बघत बसला. आई म्हणाली, “खरं आहे हो.” आणि पाणी आणायला आत गेली.

धुराचा पाइप त्यानं शेडबाहेर काढला, अर्थिंगची तार जमिनीत पुरली, आणि रस्त्यावरची वीज की आपली, असा एकच पर्याय देणारा मोठा स्विच बसवला. नाहीतर आपला करंट उलटा खांबावर जातो आणि तारेवर काम करणारा कुणीतरी मरतो. शेवटी जाळी, चारी बाजूंनी बोल्ट मारून. जाताना बजावून गेला: आधी इंजिन मोकळं चालू द्या, मग मेन स्विच वर करा. पिठाचं मशीन रिकामं सुरू करा, फिरायला लागलं की मग मैदा टाका. काका म्हणाले, रिकामं मशीन फिरवणं म्हणजे डिझेल जाळून वारा खाणं.

दुसऱ्याच दिवशी सकाळी वीज गेली. दादानं इंजिन सुरू केलं, गरम होऊ दिलं, मेन वर केला. दिवे लागले. मी शेडच्या दारात उभी होते. आणि आत काकांनी मैदा, पाणी सगळं भरून ठेवलेल्या मशीनचं बटण दाबलं.

इंजिन दबलं. नवा कोरा पट्टा किंचाळायला लागला.

“पट्टा ओरडतोय रे,” आतून आवाज आला, “पाक लाव.”

दादानं विचारसुद्धा केला नाही. खिडकीतला पाकाचा डबा त्यानं खाली घेतला, खिशातून पाना काढला आणि जाळीच्या पहिल्या बोल्टला लावला. चाकं फिरतच होती.

मी मेन खाली ओढला, मग इंजिन बंद करायचा दांडा. पट्टा लगेच थांबला नाही. तो थांबेपर्यंत मी दादा आणि जाळी यांच्या मधे उभी राहिले. त्यानं मला बाजूला हो म्हटलं, मी झाले नाही.

काका पिठानं भरलेल्या हातांनी बाहेर आले. कुणी बंद केलं म्हणाले. मी म्हटलं, मी. अर्धवट भिजलेलं पीठ वाया जाईल म्हणून ते बोलायला लागले, आणि मी त्यांना बोलू दिलं. मग म्हणाले, दादाला घाबरवू नकोस, ज्याची त्याची वेळ ठरलेली असते.

“वेळ म्हणू नका, काका. त्या दिवशी तुम्हीच ओरडला होतात. हेच शब्द.”

माझा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. त्यांना माझ्यावर ओरडता आलं असतं. त्यांनी दादाकडे बघितलं. हे दादाला ठाऊक नव्हतं. तो हातातल्या पान्याकडे बघत राहिला.

“काका,” तो शेवटी म्हणाला, “मशीन रिकामं करा.”

काका आत गेले. मागून मी. कोपरापर्यंत हात घालून ते चिकट पिठाचे लगदे परातीत काढायला लागले, आणि काढता काढता रडायला लागले. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता. मी पुसले नाहीत. म्हटलं, तळाला राहिलंय.

दादानं इंजिन पुन्हा सुरू केलं. मेन वर आला. मी बटण दाबलं, रिकामं मशीन गरगर फिरायला लागलं. मग काकांनी एकेक लगदा आत सोडला, हात वरच्या वर ठेवून. इंजिन थोडं जड झालं, इतकंच. पट्ट्यानं हूं की चूं केलं नाही. सगळं पीठ आत गेलं, मळून निघालं.

एवढंच करायचं होतं. इतकी वर्षं.

काकांनी विचारलं, आता बरोबर चाललंय ना. मी शेडमधला पाकाचा डबा उचलला आणि आत बनांच्या ट्रेशेजारी नेऊन ठेवला.